कॅल्शियम बघणारा लाईट आणि कॅल्शियम सोडणारा लाईट

मामाचा पोरगा लातूरला नीटची तयारी करतोय, त्यानं परवा एक व्हिडिओ पाठवला, म्हणला दादा बघ, निळा लाईट मारून पेशीत कॅल्शियम चालू करायलेत. पेशी हिरव्या लुकलुकत होत्या. म्हणलं बाबा, तिथं लाईट कॅल्शियमला हातबी लावत नाही, नुसता बघतोय.

पावसाळ्यात आपण रोज जायकवाडी किती टक्के झालं ते बघतो, पण बघून पाणी सुटत नाही, त्याला दरवाजे उचलावे लागतात. व्हिडिओतलं होतं ते जीकॅम्प नावाचं प्रोटीन, म्हणजे कॅल्शियमची टक्केवारी दाखवणारं. 2001 ला जपानमधे जुनिची नाकाई यांच्या टीमनं ते बनवलं, जेलीफिशच्या हिरव्या प्रोटीनला कॅल्शियम पकडणारं कॅल्मोड्युलिन जोडून. कॅल्शियम चिकटलं की प्रोटीनचा आकार बदलतो आणि निळ्या लाईटमधे ते जास्त चमकतं, बस एवढंच. (ते स्वतःपण थोडं कॅल्शियम धरून ठेवतं, म्हणजे मोजपट्टीच पाणी पिती म्हणा.)

दरवाजा उचलणारं ते ऑप्टोस्टिम, म्हणजे लाईट मारून पेशीत कॅल्शियम सोडायची युक्ती. आता पेशीबाहेर कॅल्शियम आतल्यापेक्षा साधारण 10,000 पट असतं, त्यामुळं मोटर लावायची गरजच नाही, वाट मिळाली की धो धो आत. ही वाट म्हणजे ओराय नावाचं चॅनेल, आणि ते उघडायला सांगतं स्टिम1 नावाचं प्रोटीन. हे स्टिम1 एरवी पेशीतल्या साठ्यावर नजर ठेवून असतं, घरातला हौद आटला की आपण टँकरला फोन करतो तसं साठा आटला की ते ओरायला उठवतं. 2015 ला कोरियात वॉन दो हो यांच्या टीमनं काय केलं, स्टिम1 चा नजर ठेवणारा भाग काढून टाकला आणि उरलेल्या तुकड्याला अरॅबिडॉप्सिस या रोपट्यातलं क्रिप्टोक्रोम2 हे प्रोटीन जोडलं, जे निळ्या उजेडात एकमेकांना चिकटून गोळे करतं. लाईट लावला, गोळे झाले, ओराय उघडलं. हौद भरलेला असला तरी टँकर दारात! लाईट बंद केला की काही मिनिटांत गोळे सुटतात. उंदरांच्या मेंदूत हे करून त्यांची आठवण सुधारलेली पण दिसली.

चॅनेलरोडॉप्सिन म्हणून लाईटवर चालणारं अजून एक असतं, ते तिसरंच, तिथं प्रोटीन स्वतःच दरवाजा असतं आणि त्यातून कॅल्शियम थोडंच जातं.

खरी गोची अशी की जीकॅम्प आणि ऑप्टोस्टिम दोघांनाबी निळाच लाईट लागतो. दोन्ही एकाच पेशीत टाकले तर टक्केवारी बघायला गेलं की दरवाजाच उघडतो, मग आकडा कुणामुळं वाढला कसं सांगणार. म्हणून सोडायचं निळ्यानं आणि बघायचं आर-जेको सारख्या लाल चमकणाऱ्या प्रोटीननं, ज्याला हिरवा-पिवळा लाईट चालतो.

त्याला म्हणलं व्हिडिओ परत बघ, निळा लाईट सुरुवातीपासून चालूच आहे आणि पेशी आपल्या मनानं लुकलुकतायत, तर ते बघणं. मधेच निळा मारला आणि त्यानंतर सगळ्याच एकदम उजळल्या, तर ते सोडणं.