ओव्हनमध्ये भाजलेला लाल कांदा

लाल कांदा अख्खा, अर्धा किंवा फोडी करून, तेल-मीठ चोळून, साधारण १८० ते २२० अंश सेल्सिअसच्या कोरड्या उष्णतेत मऊ, गोडसर आणि कडेने तपकिरी होईपर्यंत भाजायची पद्धत. ठाणे-नवी मुंबईत ती ओटीजी (ओव्हन-टोस्टर-ग्रिल, ओट्यावर मावणारा छोटा ओव्हन) आणि कन्व्हेक्शनवाला मायक्रोवेव्ह घरोघरी आल्यावर रुळली, पण कांदा भाजणं इथे काही नवं नाही. चुलीच्या निखाऱ्यात, नंतर गॅसवर जाळी ठेवून तो भाजला जातच होता, आगरी-कोळी घरातलं मटणाचं वाटण काय किंवा खानदेशातून आलेल्या घरातलं काळं वाटण काय, भाजलेला कांदा आणि सुकं खोबरं हवंच. फरक इतकाच की तेव्हा तो पाट्यावर किंवा मिक्सरात जाऊन दिसेनासा व्हायचा आणि आता ताटात स्वतःच्या नावाने येतो. म्हणून या नोंदीत त्याला परदेशी पदार्थ धरलेलं नाही.

मूळ. कांदा (अ‍ॅलियम सेपा) आज रानटी अवस्थेत कुठेच सापडत नाही, त्यामुळे त्याच्या माहेराबद्दल अभ्यासकांचं एकमत नाही. रशियन वनस्पतिशास्त्रज्ञ निकोलाय व्हॅव्हिलोव्हने पिकांची उगमकेंद्रं मांडताना कांदा मध्य आशियात, म्हणजे अफगाणिस्तान, ताजिकिस्तान, उझबेकिस्तान या पट्ट्यात टाकला, आणि पूर्वीचे बरेच लेखक अ‍ॅलियम ओशानिनी या जातीला त्याचा पूर्वज मानायचे. पुढे जनुकीय तुलना सुरू झाल्यावर तुर्कमेनिस्तान आणि उत्तर इराणच्या डोंगरातली अ‍ॅलियम व्हॅव्हिलोव्ही ही जात जास्त जवळची निघाली, आणि सध्या तरी हेच मत जास्त पटण्यासारखं आहे. लागवडीला पाचेक हजार वर्षं झाली असावीत असं सर्वसाधारणपणे म्हणतात, त्याहून नेमका आकडा कोणी सांगितला तर जरा जपूनच घ्यावा. इजिप्तच्या चौथ्या रॅमसेसच्या (इ.स.पू. १२वं शतक) ममीच्या डोळ्यांच्या खोबणीत कांदे मिळालेत, आणि इ.स.पू. १७०० च्या आगेमागे लिहिलेल्या बाबिलोनी पाककृतींच्या मातीच्या पाट्यांवरही कांदा आहे, पण तिथे तो बहुतेक रश्श्यात पडतो.

आपल्याकडे चरकसंहितेत पलांडू, म्हणजे कांदा, येतो, मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात तो द्विजांना वर्ज्य सांगितलाय, आणि सातव्या शतकातला चिनी प्रवासी ह्युएनत्संग लिहितो की कांदा-लसूण खाणाऱ्याला गावाच्या वेशीबाहेर काढतात. म्हणजे खाणारे होतेच, नाहीतर काढणार कोणाला. पण त्या काळात तो भाजून खायचे की कच्चा की शिजवून, हे या उल्लेखांवरून ठरवता येत नाही.

निखाऱ्यावरून ओव्हनमध्ये जाणं हे फक्त आपल्याकडेच झालेलं नाही. स्पेनच्या कातालोनियात एस्कालिवादा नावाचा पदार्थ आहे, कांदा, वांगं आणि मोठी मिरची राखेच्या धगीवर भाजून सोलायची आणि वर तेल सोडायचं, आता घरोघरी तो ओव्हनमध्येच करतात. आपल्या भरिताचा लांबचा नातेवाईक म्हणायला हरकत नाही.

तपकिरी रंगाचा वाद. अशा कांद्याला सर्रास ‘कॅरमलाइज्ड’ म्हणतात आणि यूट्यूबवर तर दुसरा शब्दच नाही, पण प्रकरण इतकं सरळ नाहीये. कॅरमलायझेशन म्हणजे नुसती साखर तापून तिचं विघटन होणं, आणि मायार प्रक्रिया म्हणजे साखर आणि अमिनो आम्लं यांची एकमेकांशी अभिक्रिया, जी फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लुई-कामीय मायार याने १९१२ मध्ये मांडली आणि जिचे टप्पे अमेरिकेच्या जॉन हॉजने १९५३ मध्ये लावून दिले. कांद्यात दोन्हींचा कच्चा माल आहे, ग्लुकोज, फ्रुक्टोज, सुक्रोज आणि फ्रुक्टान ही लांब साखळीची शर्करा, शिवाय थोडी अमिनो आम्लं. फ्रुक्टोज ११० अंशांच्या आसपास कॅरमल व्हायला लागतं, सुक्रोजला १६० लागतात. पण कांद्यात ८५ ते ९० टक्के पाणी असतं आणि ते आहे तोवर आतलं तापमान १०० च्या वर सरकतच नाही, ओव्हनचा काटा २०० वर असला तरी. त्यामुळे रंग धरतो तो फक्त जिथे पाणी उडून गेलंय तिथे, म्हणजे पाकळ्यांची टोकं आणि ट्रेला टेकलेला कापलेला भाग. नीट बघितलं तर कांद्यातून सुटलेला रस ट्रेवर पसरून आधी गुलाबी, मग मधासारखा आणि शेवटी काळपट चिकट होतो, तो उलथन्याने खरवडून घ्यावा, फेकू नये. दोन्ही प्रक्रिया एकाच वेळी चालत असणार हे उघड आहे, तरी मायारचं पारडं जड वाटतं, कारण भाजलेल्या कांद्याचा तो मटणाच्या रश्श्याकडे झुकणारा वास निव्वळ साखर जळून येत नाही, त्याला अमिनो आम्लं आणि गंधकाची संयुगं लागतात.

गोडीबद्दल पण गैरसमज आहे. भाजल्याने कांद्यात साखर फार वाढते असं नाही (फ्रुक्टान काही अंशी तुटत असेल), मुख्य म्हणजे पाणी उडून असलेली साखर दाट होते आणि तिला झाकणारा तिखटपणा जातो. हा तिखटपणा कांदा कापल्यावर तयार होतो, पेशी फुटल्या की अ‍ॅलिनेज नावाचं विकर (एन्झाइम) गंधकयुक्त संयुगांवर तुटून पडतं. डोळ्यातून पाणी काढणारा वायूसुद्धा त्याच एका विकराने बनतो असं आधी समजत होते, २००२ मध्ये जपानी संशोधकांनी त्यासाठीचं वेगळं विकर दाखवून दिलं. उष्णतेने ही विकरं निकामी होतात, म्हणून सालासकट अख्खा भाजलेला कांदा नंतर कापला तर डोळे चुरचुरत नाहीत.

लाल रंग अँथोसायनिन या रंगद्रव्याचा. आंबट लागलं की तो गुलाबीकडे जातो, खायचा सोडा लागला की निळसर-हिरवट, त्यामुळे लिंबू किंवा व्हिनेगर भाजून झाल्यावर पिळलं तरी रंग जरा उजळतो.

कांद्याची निवड. आमच्या मते ओव्हनपेक्षा महत्त्वाचा मुद्दा हा आहे आणि पाककृती लिहिणारे नेमका हाच गाळतात. बाजारात ज्याला लाल किंवा नवा कांदा म्हणतात तो खरीप आणि रांगडा (उशिरा खरीप) हंगामाचा, एन-५३, बसवंत ७८० यासारख्या वाणांचा, रंगाला गडद पण पाणी जास्त आणि साल पातळ, ओव्हनमध्ये तो बसतो आणि चिखल होतो. उन्हाळी म्हणजे रब्बीचा कांदा मार्च ते मे दरम्यान निघतो, कांदाचाळीत, म्हणजे हवेशीर शेडमध्ये, साठवतात, एन-२-४-१ किंवा अ‍ॅग्रीफाउंड लाइट रेड असे वाण, रंगाने फिकट तांबूस पण घट्ट, आणि पाकळी शाबूत ठेवून भाजायला हाच बरा. लासलगावच्या कांद्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय. अलिबागच्या पांढऱ्या कांद्यालाही आहे (२०२२), पण तो मुळातच गोड आणि सौम्य, त्याला भाजणं म्हणजे वाया घालवणं. नाशिक-पुण्याकडचा माल या भागात येतो तो मुख्यतः वाशीच्या एपीएमसीच्या (कृषी उत्पन्न बाजार समितीच्या) कांदा-बटाटा मार्केटमधून, हे मार्केट मुंबईतून इकडे १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला हललं. ठाण्यात जांभळी नाक्यावर किंवा सोसायटीच्या गेटवर टेम्पोवाल्याकडे गोल्टी, म्हणजे बारका कांदा, स्वस्तात मिळते आणि अख्खी भाजायला तीच सोयीची.

कृती. मुळाकडचा भाग ठेवून उभे दोन किंवा चार तुकडे करावेत म्हणजे पाकळ्या सुटत नाहीत, फक्त सुकी साल काढावी, तेल आणि मीठ चोळून कापलेली बाजू ट्रेवर पालथी घालावी. २०० अंशांना फोडी २५ ते ३० मिनिटं, अर्धे ३५ ते ४५, सालासकट मध्यम अख्खा कांदा तासभर. नुसत्या मायक्रोवेव्ह मोडवर रंग येत नाही, कांदा फक्त उकडतो. १५०० वॉटचा ओटीजी तासभर चालला तर जास्तीत जास्त दीड युनिट जातं, म्हणून शहाणी माणसं त्याच ट्रेवर वांगं, टोमॅटो आणि लसणाचा गड्डाही सरकवतात. जुन्या बिल्डिंगमध्ये पंधरा अँपिअरचा पॉइंट एकच असतो आणि तो वॉशिंग मशीनने अडवलेला असतो, ही अडचण खरी.

जेवणात. भाकरी-पिठल्याबरोबर, मुगाच्या खिचडीवर, दह्यात कालवून वरून मोहरी-हिंगाची फोडणी देऊन कोशिंबीर, चिरून थालीपिठाच्या पिठात, मसुराच्या आमटीत शेवटी. वाटणाला मात्र ओव्हनचा कांदा थोडा कमीच पडतो, धुराचा वास नसतो आणि रस्सा गोडावर जातो, त्यावर उपाय म्हणून ओव्हनमधून काढून दोन मिनिटं थेट गॅसवर काळा करतात. आषाढ शुद्ध नवमीला, म्हणजे कांदेनवमीला, चातुर्मास पाळणाऱ्या घरात कांदा शेवटचा पोटभर खाऊन घेतात, तेव्हा भज्यांच्या जोडीला हा ट्रेही हल्ली काही घरात दिसतो.

गार झाल्यावर बंद डब्यात फ्रिजमध्ये तीन-चार दिवस टिकतो, वाटून ठेवला तर फ्रीझरमध्ये जास्त. डबा घट्ट झाकणाचा घ्यावा, नाहीतर शेजारच्या दुधाला वास लागतो.