गुडघ्यातली फट

दिव्याच्या पेटीवर फिल्म लावून डॉक्टर पेनाच्या टोकाने दोन हाडांमधली काळी जागा दाखवतात आणि म्हणतात, ‘बघा आजी, गॅप कमी झालाय.’ घरी येईपर्यंत त्याचं ‘वंगण संपलंय’ होतं आणि शेजारच्या काकूंकडे पोचेस्तोवर ‘वाट्या बदलायला सांगितल्यात.’ गंमत अशी, की त्या फिल्मवर ना वंगण दिसतं, ना गादी. दिसतात ती हाडं, आणि त्यांच्यामधलं काहीच-नाही. सांध्याच्या इमेजिंगवर आज जे पीएचडीचे प्रबंध लिहिले जातात, त्यांतल्या बऱ्याच जणांचं भांडण या ‘काहीच-नाही’शी आहे.

ते भांडण पहिल्या फिल्मपासूनचं. 8 नोव्हेंबर 1895 रोजी जर्मनीतल्या व्युर्ट्सबुर्गमध्ये विल्हेल्म रॉन्टगेन यांना क्ष-किरण सापडले. 22 डिसेंबरला त्यांनी पत्नीच्या हाताचं चित्र काढलं. ते आपण सगळ्यांनी पाहिलंय: बोटांची हाडं आणि त्यावर अडकलेली अंगठी. अंगठीकडेच नजर जाते, पण बोटांच्या पेरांकडे नीट पाहिलं तर दोन हाडं एकमेकांना टेकलेलीच नाहीत. मधे जागा आहे. तिथे खरं तर हाडांच्या टोकांवरची कूर्चा, म्हणजेच ती ‘गादी’, आहे. गुळगुळीत, बरीचशी पाण्याने बनलेली, ना रक्तवाहिनी ना मज्जातंतू. पाणी धरून बसलेला हा पदार्थ क्ष-किरणांना आजूबाजूच्या मांसाइतकाच वाटतो, वेगळा उठून दिसत नाही. आणि झिजेच्या संधिवातात सगळ्यात ठळकपणे झिजते ती हीच.

मग डॉक्टरांनी केलं काय, तर फट मोजायला घेतली. मँचेस्टरचे जोनास केलग्रेन आणि जॉन लॉरेन्स यांनी 1957 मध्ये शून्य ते चार अशी श्रेणी मांडली: फट किती अरुंद झाली, हाडाच्या कडेला काटे किती फुटले, कडेचं हाड किती दाट झालं. ‘ग्रेड थ्री आहे’ असं आज आपल्याकडे जे सांगितलं जातं, ती बहुतेक वेळा हीच श्रेणी. सोपी म्हणून टिकली. दोष मात्र तेव्हापासूनचाच: एकाच फिल्मला दोन जाणकार वेगळे आकडे देतात, आणि चार नंबरचा गुडघा घेऊन माणूस देवळाच्या पायऱ्या चढतो, तर दोन नंबरवाल्याला रात्री झोप नाही.

स्वीडनच्या स्वेन आल्बेक यांनी यातली एक साधी खोच पकडली. 1968 मध्ये स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का संस्थेत त्यांनी गुडघ्याच्या क्ष-किरण तपासणीवर प्रबंध सादर केला. रुग्ण टेबलावर आडवा झोपला, की गुडघ्यावर भार नसतो. हाडं सैल राहतात आणि झिजलेल्या सांध्यातही फट बरी दिसते. तोच माणूस दोन पायांवर उभा केला, की शरीराचं वजन हाडांना एकमेकांवर टेकवतं आणि फट किती उरली ते कळतं. नवं यंत्र नाही, नवा किरण नाही. फक्त रुग्णाला उभं केलं. आज चिठ्ठीवर गुडघ्याच्या एक्स-रेपुढे ‘स्टँडिंग’ लिहिलेलं असतं, त्यामागे या कामाचा मोठा वाटा आहे. एखाद्या डॉक्टरेटने याहून स्वस्तात इतकं काम क्वचितच केलं असेल.

तरीही मोजली जात होती ती फटच. ती बुजली म्हणजे कूर्चाच झिजली असं समजायची सोय नाही, हे पुढे एमआरआयने दाखवलं. गुडघ्यात दोन हाडांमध्ये मेनिस्कसची चकती असते. ती बाहेर सरकली तरी फट कमी होते.

अल्ट्रासाउंडची गोष्ट थोडक्यात सांगण्यासारखी. ऑस्ट्रियाचे कार्ल डुसिक यांनी 1940 च्या दशकात आवाजाच्या लहरींनी मेंदूचं चित्र काढायचा घाट घातला. ती चित्रं मेंदूची नसून बरीचशी कवटीच्या हाडाने घातलेला घोळ होती, हे मागाहून कळलं. याच डुसिक यांनी 1958 मध्ये सांध्याच्या ऊतींमध्ये लहरी किती शोषल्या जातात याची मोजमापं छापली. आज संधिवाततज्ज्ञ टेबलाशेजारीच प्रोब फिरवून सुजलेलं आवरण बघतात, त्या वाटेवरचं हे सुरुवातीचं पाऊल.

खरा पालट एमआरआयने झाला, आणि तिथेही सुरुवात बोटापासूनच. 1970 च्या दशकात नॉटिंगहॅममध्ये पीटर मॅन्सफील्ड यांच्याकडचं चुंबक लहान होतं, आख्खा माणूस त्यात मावणं शक्यच नव्हतं. मावलं ते त्यांचे संशोधक विद्यार्थी अँड्र्यू मॉड्सली यांचं बोट. त्या बोटाचा आडवा छेद 1977 मध्ये प्रसिद्ध झाला. रॉन्टगेन यांना पत्नीचा हात मिळाला, मॅन्सफील्ड यांना पीएचडीचा विद्यार्थी! गाइडसाठी काय काय करावं लागतं, हे आपल्याकडच्या विद्यार्थ्यांना वेगळं सांगायला नको. 2003 मध्ये एमआरआयच्या कामासाठी मॅन्सफील्ड आणि अमेरिकेचे पॉल लॉटरबर यांना नोबेल मिळालं.

एमआरआय पाण्यातल्या हायड्रोजनचा कानोसा घेतो, म्हणून कूर्चा प्रथमच स्वतःच्या रूपात दिसली. पण जाडी दिसणं वेगळं आणि आतून पोकळ व्हायला लागलीय हे ओळखणं वेगळं. जाडी घटण्याआधी कूर्चेतले ग्लायकोसॲमिनोग्लायकॅन नावाचे रेणू घटतात. ते ऋणभारित असतात आणि पाणी धरून ठेवतात. 1990 च्या दशकात बोस्टनमध्ये अदिल बशीर, मार्था ग्रे आणि डेबोरा बर्स्टीन यांनी यावर हुशार तोड काढली. एमआरआयचं चित्र ठळक यावं म्हणून गॅडोलिनियम या धातूचं जे औषध शिरेतून देतात, तेही ऋणभारित. निरोगी कूर्चा त्याला दूर लोटते आणि जिथे रेणू घटलेत तिथे ते शिरतं. म्हणजे औषध कुठे पोचलं ते पाहा, दुखणं तिथे आहे. तंत्राचं नाव डीजेमरिक. इंजेक्शन द्यायचं, रुग्णाला थोडं चालवायचं, दीड-दोन तास थांबायचं, मग स्कॅन. या मोजमापाच्या आधारे स्वीडनच्या इवा रूस आणि लाइफ डालबर्ग यांनी 2005 मध्ये दाखवलं, की धोका असलेल्या गुडघ्यांत चार महिन्यांच्या मध्यम व्यायामाने कूर्चेचा दर्जा सुधारू शकतो. व्यायामाने गुडघे झिजतात म्हणणाऱ्यांना हा बरा पुरावा होता.

मात्र गॅडोलिनियमचे अंश शरीरात, मेंदूतही, राहतात असं आढळलं आणि 2017 मध्ये युरोपच्या औषध नियामकाने अशा काही औषधांचा शिरेतून वापर थांबवला. डीजेमरिकमध्ये वापरलं जाणारं मुख्य औषध त्यांतच होतं. त्यामुळे इंजेक्शन न लागणाऱ्या पद्धतींना जोर आला: एमआरआयच्या संकेतावरूनच कूर्चेतल्या बदलांचा अंदाज घेणारं टी-टू आणि टी-वन-ऱ्हो मॅपिंग, शिवाय कूर्चेतलं सोडियम थेट मोजणं. सोडियमचा संकेत हायड्रोजनपुढे अगदीच क्षीण, त्यामुळे त्यासाठी ताकदवान चुंबक लागतं.

आजच्या प्रबंधांना मात्र चुंबकाआधी डेटा लागतो. अमेरिकेत 2004 मध्ये सुरू झालेल्या ऑस्टिओआर्थ्रायटिस इनिशिएटिव्हमध्ये 45 ते 79 वयाच्या 4,796 जणांच्या गुडघ्यांचे एक्स-रे आणि एमआरआय वर्षानुवर्षं घेतले गेले, आणि ते जगभरच्या संशोधकांना खुले केले गेले. त्यामुळे ज्याने कधी रुग्णाच्या गुडघ्याला हात लावलेला नाही असा कॉम्प्युटर सायन्सचा विद्यार्थीही सांध्यावर पीएचडी करू शकतो. तो संगणकाला हजारो फिल्म दाखवून निदान शिकवतो. त्या एक्स-रे फिल्म उभ्या माणसांच्या असतात, आणि बहुतेक वेळा संगणकाला बरोबर उत्तर म्हणून दिलेला आकडा असतो केलग्रेन-लॉरेन्सचाच, शून्य ते चार.