कंटिका, सौर

सूर्याच्या वर्णगोलातून (दृश्य पृष्ठावरील पातळ थरातून) प्रभामंडलाकडे (त्याबाहेरच्या विरळ, अतितप्त आवरणाकडे) उसळणाऱ्या प्लाझ्माच्या, म्हणजे आयनीभूत वायूच्या, बारीक, अल्पजीवी झोतांना सौर कंटिका किंवा स्पिक्यूल म्हणतात. त्यांची उंची साधारणपणे ५,००० ते १०,००० किमी. असते, जाडी मात्र काहीशे किमी.च भरते. सुमारे ३०,००० किमी. रुंदीच्या अभिसरण-पेशींच्या (तप्त वायू वर येऊन पुन्हा खाली जातो अशा कप्प्यांच्या) कडांवर, जेथे चुंबकीय क्षेत्र एकवटलेले असते, तेथे त्या दाटीने आढळतात. एका वेळी सूर्यावर असणाऱ्या कंटिकांची संख्या निदान काही लाख असावी. अंदाजांत मोठी तफावत आहे.

इटालियन ज्योतिर्विद अँजेलो सेक्की यांनी १८७०च्या दशकात सूर्यबिंबाच्या कडेवरील या झोतांची वर्णने व रेखाटने केली. पेटलेल्या माळरानाची उपमाही त्या काळापासून रूढ आहे आणि ती समर्पक आहे. ‘स्पिक्यूल’ हे नाव मात्र वॉल्टर ऑर रॉबर्ट्स यांच्या १९४५ मधील लेखनापासून प्रचारात आले.

पृथ्वीवरून पाहता १ विकला (अंशाचा ३,६००वा भाग) म्हणजे सूर्यावरील सुमारे ७२५ किमी. अंतर होय. वातावरणाच्या थरथरीमुळे यापेक्षा बारीक तपशील दीर्घकाळ हाती लागत नव्हता. २००६ मध्ये सोडलेल्या जपानच्या हिनोडे उपग्रहावरील ५० सेंमी. दुर्बिणीने ही अडचण दूर केली. तिच्या प्रतिमांवरून बार्ट द पाँतियू व सहकाऱ्यांनी २००७ मध्ये कंटिकांचे दोन प्रकार मांडले. पहिल्या प्रकारच्या कंटिका सेकंदाला २० ते ४० किमी. वेगाने वर जातात व ३ ते १० मिनिटांत खाली परततात; दुसऱ्या प्रकारच्या ५० ते १५० किमी. वेगाने उसळतात व बहुधा दोन मिनिटांच्या आतच आयनीभूत कॅल्शियमच्या प्रकाशातून दिसेनाशा होतात. या वर्गीकरणावर २०१२ च्या सुमारास आक्षेप घेतले गेले. सूर्यनिरीक्षक आयरिस उपग्रहाच्या (२०१३) निरीक्षणांत मात्र कॅल्शियमच्या प्रकाशात लोपलेल्या कंटिका अधिक तप्त वायूच्या वर्णरेषांत पुढेही दिसत राहतात व नंतर खाली येतात, असे आढळले. त्यामुळे त्यांचे लोपणे हा विनाश नसून तापण्याचा परिणाम आहे, हे मत अधिक ग्राह्य वाटते.

पहिल्या प्रकाराच्या उगमाबद्दल बरेचसे एकमत आहे. सूर्याच्या अंतर्भागातील सुमारे ५ मिनिटांच्या आवर्तकालाची ध्वनिस्पंदने सरळ वर जाऊ शकत नाहीत, कारण दीप्तिगोलाजवळचा (सूर्याच्या दृश्य पृष्ठाजवळचा) थर साधारण ३ मिनिटांपेक्षा मोठ्या आवर्तकालाच्या लहरी अडवतो. चुंबकीय बलरेषा कललेल्या असल्या, तर त्या दिशेने गुरुत्वाकर्षणाचा घटक कमी पडतो, ही मर्यादा सैल होते आणि लहरी वर निसटून आघात-तरंगांत रूपांतरित होतात. हे स्पष्टीकरण द पाँतियू, एर्देयी व जेम्स यांनी २००४ मध्ये दिले.

दुसऱ्या प्रकाराचा उगम वादग्रस्त आहे. २०१७ मधील संगणकीय प्रतिरूपानुसार, अंशतः आयनीभूत वर्णगोलात उदासीन अणू व आयन एकमेकांवरून सरकतात, त्यामुळे गुंतलेले चुंबकीय क्षेत्र वर येऊ शकते आणि त्याचा ताण मोकळा होताच झोत उसळतो. याउलट, कॅलिफोर्नियातील बिग बेअर येथील १.६ मी. दुर्बिणीच्या निरीक्षणांवरून तन्मय सामंत व सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये विरुद्ध ध्रुवतेची क्षेत्रे परस्परांजवळ येऊन होणाऱ्या चुंबकीय पुनर्जोडणीचे (बलरेषा तुटून नव्याने जुळण्याचे) कारण पुढे केले. बंगळुरूच्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेतील संशोधकांचा सहभाग असलेल्या २०२२ च्या अभ्यासात ध्वनिक्षेपकावर हलवलेल्या बहुवारिक (पॉलिमरयुक्त) द्रवातील झोतांशी कंटिकांची तुलना केली असून, पृष्ठाखालील अभिसरणही असे झोतांचे रान उठवू शकते, असे दाखवले आहे. ही कारणे परस्परविरोधी मानण्यापेक्षा ठिकाणानुसार वेगवेगळी प्रभावी ठरतात, असे मानणे सयुक्तिक दिसते.

कंटिकांतून वर जाणारे द्रव्य सौरवाताला (सूर्यातून सतत बाहेर वाहणाऱ्या कणप्रवाहाला) लागणाऱ्या द्रव्याच्या सुमारे शंभरपट आहे. अर्थात त्यातील बहुतेक खाली परतते. प्रभामंडलाच्या दशलक्ष अंश तापमानात त्यांचा वाटा किती, हे अनिर्णित आहे. पुण्याच्या आयुका संस्थेच्या पुढाकाराने तयार झालेली, आदित्य-एल१ यानावरील (२०२३) सूट दुर्बीण वर्णगोलाच्या जंबुपार (अतिनील) प्रतिमा घेते. तिची विभेदनक्षमता (बारीक तपशील वेगळे दाखवण्याची मर्यादा) सुमारे १.४ विकला असल्याने एकेक कंटिका सुटी पाहण्यास ती पुरेशी नाही.