स्लाइम म्हणजे जेल का एकच मोठी पेशी? दोन्ही थिअऱ्या शेजारी ठेवून बघूया की

मागच्या पावसाळ्यात खानापूरला बहिणीकडं गेलते तेव्हाची गोष्ट. परड्यात जळणाच्या लाकडांवर एक पिवळाजर्द फेसाळ गोळा आलता, आदल्या दिवशी नव्हता, सकाळी उठून बघतोय तर हाताच्या पंजाएवढा. भाचा पळत आला, "मावशी, खरोखरचा स्लाइम आलाय बघ!" त्यानं फोटो काढून मित्रांना टाकला आणि तिथनं जो वाद पेटला तो दोन दिवस चालला. अर्धी पोरं म्हणत होती की माइनक्राफ्ट ह्या व्हिडिओ गेममध्ये स्लाइम नावाचा जो उड्या मारणारा हिरवा ठोकळा असतो, तो म्हणजे असलाच एकपेशीय जीव, फक्त मोठा. बाकीची म्हणत होती काय नाही, तो जेलीचा गोळा, त्याला डोळे लावलेत एवढंच. गेम खेळणाऱ्यांत ह्या दोन्ही थिअऱ्या फार जुन्या आहेत आणि लोक त्या सारख्या एकमेकांत मिसळतात, कारण दोन्हीकडं गोष्ट पारदर्शक, ओली आणि लिबलिबीतच दिसते. मला हा विषय मनापासून आवडतो म्हणून जरा नीट लिहिते.

आधी जेल. जेल म्हणजे घट्ट पाणी नव्हे, जेल म्हणजे जाळ्यात अडकलेलं पाणी. खरवस घ्या, चीक वाफवला की त्यातली प्रथिनं एकमेकांना धरून जाळं करतात आणि सगळं पाणी त्यात कोंडून बसतं, म्हणून सुरीनं वडी पडते. शंभर ग्रॅम पाण्याला एक-दोन ग्रॅम चायना ग्रास (अगर-अगर) पुरतं, म्हणजे जवळपास सगळं पाणीच तरी उभं राहतंय. डबीत मिळणारा खेळण्यातला स्लाइम मॅटेल कंपनीनं १९७६ साली बाजारात आणला तो पण ह्याच जातीचा, गवारीच्या बियांचा डिंक आणि त्याला बांधून ठेवायला बोरॅक्स, म्हणजे आपला टाकणखार. दाबलं की परत आकारावर येणं, उसळी घेणं, ताणलं की लांब होणं, हे सगळे जाळ्याचे गुण. नुसत्या पाण्याला हे जमत नाही.

नुसतं पाणी का जमत नाही ते अळूच्या पानावर बघा. छोटा थेंब मोत्यासारखा गोल असतो, पण पाणी घालत गेलात की तो वर वाढत नाही, पसरत जातो. पृष्ठताण थेंबाला ओढून धरतो पण वजन त्याला खाली दाबतं, आणि पाण्याच्या बाबतीत ही कुस्ती साधारण पाच मिलिमीटर उंचीवरच संपते. म्हणून गुडघ्याएवढा घुमटासारखा स्लाइम द्रवाचा असूच शकत नाही, एकतर आत जाळं पाहिजे नाहीतर बाहेरून कातडी पाहिजे. पाऱ्याचं तर अजून अवघड, त्याचा पृष्ठताण जबरदस्त पण वजन पण तेवढंच, त्यामुळं त्याचं डबकं पाण्यापेक्षा पण चपटं राहतं. ड्रॅगन क्वेस्ट ह्या जुन्या जपानी गेममधला मेटल स्लाइम पातळ धातूचा आहे म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं. त्याच गेममधला बबल स्लाइम मात्र डबक्यासारखा पसरलेला असतो, म्हणजे द्रव म्हणून तो एकटा पटतो. तसं बघितलं तर १९८६ च्या पहिल्या गेमसाठी तो बनवणाऱ्या युजी होरीईंनी जे कच्चं चित्र काढलं होतं त्यात पण स्लाइम लगद्याच्या ढिगासारखाच होता, थेंबाचा टोकदार आकार त्याला चित्रकार अकिरा तोरियामांनी दिला.

आता पेशीवाली थिअरी. ही ऐकायला वेडी वाटते पण हिच्यामागं खरा जीव उभा आहे. स्लाइम मोल्ड म्हणतात त्याला, परड्यातला तो पिवळा गोळा पण त्यातलाच, नावात मोल्ड (म्हणजे बुरशी) आहे तरी ती बुरशी नव्हे. फायसेरम पॉलिसेफेलम नावाचा जो प्रसिद्ध स्लाइम मोल्ड आहे तो सगळा मिळून एकच पेशी असतो, आत असंख्य केंद्रकं आणि भोवती एकच आवरण. कापला तर दोन्ही तुकडे जगतात, जवळ ठेवले तर परत एक होतात. २०१० साली जपानी संशोधकांनी टोकियोभोवतीच्या शहरांच्या जागी ओटचे दाणे मांडून त्याला मध्ये सोडलं, तर त्यानं दाण्यांना जोडत जे जाळं केलं ते तिथल्या रेल्वेमार्गांशी बरंच मिळतंजुळतं निघालं. मेंदू नाही, डोळे नाहीत, तरी! मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा रात्री झोप नाही आली.

पण फायसेरम हिंडताना पातळ पसरलेला असतो, घुमट करून बसत नाही. हवा आणि अन्न पेशीत मुरत मुरत जातं, आणि अंतर दुप्पट झालं की मुरायला वेळ चौपट लागतो. फायसेरम त्यासाठी चपटा राहतो आणि आतला रस शिरांतून सेकंदाला एखादा मिलिमीटर अशा वेगानं पुढं-मागं ढकलत राहतो. माइनक्राफ्टच्या स्लाइमसारख्या दोन मीटरच्या ठोकळ्याच्या मधोमध असलं काय पोचणार? शिवाय तो सरकतो तासाला काही सेंटीमीटर, उडी तर लांबच राहिली.

माइनक्राफ्टचा स्लाइम आत एक गडद ठोकळा आणि बाहेर पारदर्शक थर असा दुहेरी असतो, तोंड-डोळे आतल्या ठोकळ्यावर. पेशीवाले म्हणतात ते केंद्रक. वर तो मारला की फुटून दोन ते चार छोटे होतात, मग हे पेशीविभाजनच की! भाचा पण ह्याच बाजूचा होता. मग आम्ही दोघं वही घेऊन गणितच करत बसलो, आणि ह्या गणितासाठीच खरंतर मी हे लिहायला घेतलंय.

मोठ्या स्लाइमची बाजू साधारण दोन ब्लॉक, म्हणजे दोन मीटर, मधल्याची एक, छोट्याची अर्धा. मोठ्याचं घनफळ आठ घनमीटर झालं. त्याचे जास्तीत जास्त चार मधले होतात, म्हणजे चार घनमीटर, अर्धा माल गायब. आता पृष्ठभाग काढा. मोठ्याचा चोवीस चौरस मीटर, मधल्याचा सहा, चार मधल्यांचा परत चोवीस. जुळलं! मधल्याचे चार छोटे झाले तरी तेच, सहाचे सहा. आणि त्यांची हेल्थ, म्हणजे मरायच्या आधी किती मार सोसतो तो आकडा, बघा, मोठ्याची १६, मधल्याची ४, छोट्याची १. घनफळाच्या हिशेबानं असती तर ६४, ८ आणि १ अशी पाहिजे होती, पण ती चालते पृष्ठभागाच्या हिशेबानं. म्हणजे ह्या प्राण्याचा जीव आतल्या मालात नाही, कातडीत आहे.

खऱ्या पेशीचं बरोबर उलटं असतं. एका गोल पेशीच्या दोन सारख्या पेशी झाल्या तर आतला माल तेवढाच राहतो आणि एकूण पृष्ठभाग साधारण २६ टक्क्यांनी वाढतो, म्हणजे नवीन आवरण तयार करावं लागतं. इथं आवरण तेवढंच राहतंय आणि माल सांडतोय. गेम बनवणाऱ्यांनी हा विचार करून आकडे घातले असतील असं माझं म्हणणं नाही, पण आकडे आहेत ते आहेत आणि ते पेशीच्या बाजूनं बोलत नाहीत. एक शंका मात्र राहतेच, की स्लाइमबॉल, म्हणजे स्लाइम मारल्यावर मिळणारे चिकट गोळे, फक्त सगळ्यात छोटा मेल्यावरच मिळतात, मग मोठा फुटताना सांडलेला माल जातो कुठं? त्याला माझ्याकडं उत्तर नाही. बाकी नऊ स्लाइमबॉलचा ब्लॉक केला की त्यावर उंचावरून पडलं तरी लागत नाही, उलट उसळतो, हा तर सरळ जेलचाच गुण.

टेरेरिया नावाच्या गेममध्ये तर प्रश्नच नाही, स्लाइम मेला की मिळणाऱ्या वस्तूचं नावच जेल, पण ते लाकडाला लावून मशाल पेटते, म्हणजे ते पाण्याचं जेल नव्हे, सॅनिटायझरसारखं जळणाऱ्या द्रवाचं असणार. आणि ड्रॅगन क्वेस्टमध्ये आठ स्लाइम एकत्र येऊन किंग स्लाइम होतो, ते बघून लोक फायसेरमचं नाव घेतात ते मला चुकीचं वाटतं. तिथं आठवावा डिक्टिओस्टेलियम, ज्याच्या सुट्या सुट्या पेशी उपासमार झाली की एकत्र येऊन गोगलगाईसारखा एक देह करतात. आणि आठ हा आकडा पण नीट बसतोय, दुप्पट बाजूच्या देहाला घनफळ आठपटच लागतं. इथं माल सांडत नाही.

मग माइनक्राफ्टचा स्लाइम निर्जीव जेल का? तसं पण मी म्हणणार नाही. दलदलीत तो पौर्णिमेला सगळ्यात जास्त येतो आणि अमावास्येला अजिबात नाही, असली लय निर्जीव गोळ्याला कुठनं येणार. गफलत अशी आहे की जेल हे अंग कशाचं ह्याचं उत्तर आहे आणि पेशी हे ते जगतं कसं ह्याचं, आणि आपण दोन्ही एकाच प्रश्नाची उत्तरं समजून भांडतोय. बहिणीच्या शेजारच्या काकू कन्नड बोलणाऱ्या, त्यांनी आमची बडबड ऐकून कुंडीतलं कोरफडीचं पान मोडून दिलं. कन्नडमध्ये कोरफडीला लोळेसर म्हणतात आणि लोळे म्हणजे बुळबुळीत चिकट पदार्थ, स्लाइमच की तो! पान सोललं तर बाहेर हिरवी जाड साल आणि आत थरथरणारा काचेसारखा गर, आणि तो गर म्हणजे पातळ भिंतींच्या मोठमोठ्या पेशींत भरलेला चिकट रस. पेशी पण आहेत आणि जेल पण आहे. माझ्या मते माइनक्राफ्टचा स्लाइम असलाच काहीतरी, जिवंत कातडी आणि तिनं धरून ठेवलेलं जेल.

लाकडावरचा तो पिवळा गोळा तिसऱ्या दिवशी फिकट पडून वाळला. भाच्यानं काडीनं टोचलं तर आतनं गडद तपकिरी भुकटी उडाली, त्याचे बीजाणू. कोरफडीचा तुकडा पण आम्ही शेजारीच ठेवलता, तो सुकून नुसता पापडासारखा झालता. भाच्यानं दोन्हीचे फोटो शेजारी शेजारी लावून ग्रुपवर टाकले आणि खाली लिहिलं, "मोठा स्लाइम मारा, चार झाले की सगळ्यांची बाजू मोजा."