वस्तादापासून पर्सनल ट्रेनरपर्यंत : आमच्या नव्या सभासदांसाठी

जिममध्ये प्रवेश घेताना बरेच जण विचारतात, "ट्रेनरचे वेगळे पैसे कशाला? व्यायाम तर मोबाइलवरही दिसतो." काउंटरवर घाईत याचं नीट उत्तर देता येत नाही, म्हणून हे पत्रक.

शिकवणारा माणूस समोर उभा राहून शिकवतो, ही पद्धत आपल्याकडे तालमीची आहे. तेल, ताक, हळद घालून मऊ केलेल्या हौद्यातल्या मातीत पोराला उतरवण्याआधी वस्ताद त्याचे जोर-बैठका बघायचा. टाच उचलते का, कंबर खचते का, दम कितव्या बैठकीला लागतो, यावरून पुढची मेहनत ठरायची. किडकिडीत पोराला आणि धिप्पाड पोराला सारखा आकडा कधीच मिळत नसे. दुसऱ्या बाजीरावांचे गुरू बाळंभटदादा देवधर यांनी मल्लखांब पुन्हा रुजवला, तोही शिष्य तयार करूनच. अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासूनचं. आपल्या खान्देशात ही विद्या गावोगावच्या जत्रांतल्या कुस्तीच्या दंगलींनी जिवंत ठेवली. चाळीसगाव तालुक्यातले विजय चौधरी २०१४, २०१५ आणि २०१६ असे सलग तीनदा महाराष्ट्र केसरी झाले, याचा आम्हाला मनापासून अभिमान आहे.

युरोपात बर्लिनला १८११ मध्ये, स्टॉकहोमला १८१३ मध्ये शिस्तशीर कसरतीची केंद्रं निघाली. आपले मुद्गल, म्हणजे हातात धरून फिरवायचे लाकडी सोटे, इंग्रज फौजेबरोबर तिकडे गेले आणि इतके रुळले, की १९०४ आणि १९३२ च्या ऑलिंपिकमध्ये मुद्गल फिरवण्याची स्पर्धा झाली. लंडनमध्ये युजेन सँडो या पहिलवानाने १८९७ मध्ये व्यायामसंस्था काढली. आजच्या जिमचं रूप तिथे बरंचसं दिसू लागतं.

आमच्या दृष्टीने सगळ्यात मोलाचं काम मात्र थॉमस डिलॉर्म या अमेरिकी लष्करी डॉक्टरचं. दुसऱ्या महायुद्धात गुडघे आणि मांड्या जायबंदी झालेले सैनिक त्याच्याकडे होते. अशा रुग्णाने जड वजन उचलू नये, असाच तेव्हा समज होता. डिलॉर्मने उलट केलं. जेमतेम दहा वेळा उचलता येईल असं वजन शोधायचं. पहिले दहा त्याच्या निम्म्या वजनाने, पुढचे दहा पाऊण वजनाने, शेवटचे दहा पूर्ण वजनाने. दहाच्या वर जमू लागलं, की वजन वाढवायचं. आमच्याकडे प्रत्येकाच्या कार्डावर वजन आणि आकडा लिहिला जातो, तो याच हिशेबासाठी. कार्ड घरी विसरू नका.

दाणाबाजारात किंवा सराफात दिवसभर गादीवर बसणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. जेरी मॉरिस या डॉक्टरने १९५३ मध्ये लंडनच्या दुमजली बसवरच्या कर्मचाऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. बसून गाडी चालवणाऱ्या ड्रायव्हरांपेक्षा दिवसभर जिना चढ-उतार करणाऱ्या कंडक्टरांना हृदयविकार कमी होता. आज जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम आणि दोन दिवस स्नायूंना ताकद देणारा व्यायाम सांगते. भरभर चालणं त्या १५० मिनिटांत धरा. ताकदीचे दोन दिवस मात्र वेगळे काढावे लागतात. बायकांनाही हे तितकंच लागू आहे. ताई, वजन उचललं म्हणजे अंग पुरुषी होतं, ही भीती मनातून काढा.

पहिले काही दिवस ट्रेनर तुम्हाला बारवर (लोखंडी दांड्यावर) वजन लावू देणार नाही. नुसत्या बैठका काढायला लावेल आणि बाजूने बघेल: गुडघा आत वळतो का, पाठ गोल होते का. मोबाइलमधला माणूस तुमचा गुडघा बघत नाही. तरुण मुलांना हा काळ फार कंटाळवाणा वाटतो, तरी आम्ही तो कमी करत नाही.

बीपी, शुगर, जुनी दुखापत किंवा ऑपरेशन असेल तर पहिल्याच दिवशी सांगा आणि डॉक्टरांचा सल्ला घेऊन या. चैत्र-वैशाखात सकाळची वेळ घ्या, पाण्याची बाटली भरून आणा. शेवभाजी-भाकरीचं जेवण करून लगेच व्यायामाला येऊ नका. मध्ये दोन-तीन तास जाऊ द्या.