आतल्या ओठांवरचा जुना आरोप

इंदूरच्या रामबागेतून, नारायण बागेतून लग्न ठरलेल्या मुली तपासणीला येतात. आईला बाहेर बसवून हळूच विचारतात, ‘‘ताई, माझं तिथलं जरा मोठं आहे. कुणाला वाटेल का, की मी काही केलंय?’’ ‘तिथलं’ म्हणजे योनीच्या तोंडाशी असलेले आतले ओठ. तिचा हा प्रश्न मला फार लागतो. कारण हा संशय त्या मुलीच्या मनात उगवलेला नाही. तो वैद्यकातून आला आहे.

दक्षिण आफ्रिकेतली खोईखोई समाजाची सारा बार्टमन १८१० मध्ये लंडनला आणून लोकांना तमाशासारखी दाखवली गेली. १८१५ मध्ये पॅरिसमध्ये ती वारली, तेव्हा शरीरशास्त्रज्ञ क्यूव्हिये यांनी तिचं शवविच्छेदन केलं आणि तिचे जननावयव, त्यातले लांब आतले ओठ वेगळेपणाची खूण समजून, बरणीत जपून ठेवले. मायदेशाची माती तिला मिळाली ती २००२ मध्ये. त्याच्या शंभर वर्षं आधी, १९०२ मध्ये, अमेरिकन स्त्रीरोगतज्ज्ञ रॉबर्ट डिकिन्सन यांनी लघुभगोष्ठांच्या, म्हणजे आतल्या ओठांच्या, वाढीवर लेख लिहून ती हस्तमैथुनाची खूण ठरवली. हे साफ चूक होतं. हस्तमैथुनाने किंवा शरीरसंबंधाने हे ओठ वाढत नाहीत.

१९८४ मध्ये हे ओठ केवळ दिसण्यासाठी छोटे करण्याच्या शस्त्रक्रियेवर लेख आला, आणि ‘मोठे’ म्हणजे दोष ही समजूत पक्की होत गेली. मोजमाप मात्र फार उशिरा झालं. २००५ मध्ये लंडनमध्ये ५० स्त्रियांच्या मोजणीत रुंदी ७ ते ५० मिलिमीटर निघाली. एवढ्या फरकात ‘नेहमीचं’ कुठलं आणि ‘मोठं’ कुठलं, हे कोण ठरवणार?

वाढीचं खरं कारण बहुधा साधंच असतं. वयात येताना इस्ट्रोजेन हे स्त्रीसंप्रेरक वाढतं, तसे हे ओठ वाढतात, रंगही गडद होतो. एक बाजू दुसरीपेक्षा लांब असणं अगदी नेहमीचं आहे. बाकी अंगलट जशी घराण्यातून येते, तसंच हेही. गरोदरपणात रक्तपुरवठा वाढून सूज येते, बाळंतपणानंतर आकार थोडा बदलू शकतो. पाळी गेल्यावर ते उलट पातळ होतात.

आजाराची कारणं थोडी आहेत: सतत खाजवून झालेला जुनाट त्वचारोग, हत्तीरोगात लसीकावाहिन्या (अंगातला पातळ द्रव वाहून नेणाऱ्या बारीक नळ्या) तुंबून आलेली सूज. म्हणून अचानक एकाच बाजूला सूज आली, गाठ लागली, जखम भरेना किंवा चालताना, सायकल चालवताना सारखं घासून दुखायला लागलं, तर लाज बाजूला ठेवून दाखवायला यावं.