नवा रॅपर (नागपूर)

नागपुरात नवा रॅपर म्हणजे साधारण १६ ते २२ वयाचा पोट्टा (पोरगा), मोबाईलच्या नोट्समध्ये लिहिणारा, यूट्यूबवरून बीट, म्हणजे गाण्यामागचं तयार संगीत, घेणारा आणि पहिलं गाणं घरातल्याच खोलीत रेकॉर्ड करून टाकणारा. पोट्ट्या, म्हणजे मुलीही आहेत पण कमी, कारण रेकॉर्डिंग रात्री उशिरा होतं, सायफर (जमून आळीपाळीने रॅप म्हणणं) पण रात्रीच, आणि तेवढ्या वेळ बाहेर थांबायची परवानगी भावाला जेवढी सहज मिळते तेवढी बहिणीला मिळत नाही. हे बदललं पाहिजे असं मला मनापासून वाटतं. ही नोंद मुख्यतः सुरुवातीच्या दोन-तीन वर्षांबद्दल आहे, म्हणजे अजून नाव नाही, पैसा नाही, आणि आपण कोणाच्या आवाजात बोलणार हे ठरायचं आहे तो काळ.

मागचा इतिहास थोडक्यात. रॅप ज्यातून आलं त्या हिपहॉपची सुरुवात न्यूयॉर्कच्या ब्राँक्समध्ये ११ ऑगस्ट १९७३ च्या एका पार्टीपासून धरतात, तिथे डीजे कूल हर्कने गाण्यातला नुसता तालाचा तुकडा पुन्हा पुन्हा वाजवला. आपल्याकडे २०१४-१५ मध्ये मुंबईच्या नेझी आणि डिव्हाइन या रॅपरमुळे गल्लीतलं रॅप सगळ्यांच्या मोबाईलमध्ये पोचलं. २०२३ मध्ये पुण्याचा रॅपर एमसी स्टॅन बिग बॉस जिंकला, आणि त्याच वर्षी अमरावतीचा सौरभ अभ्यंकर म्हणजे १०० आरबीएच एमटीव्ही हसल या रॅपच्या टीव्ही स्पर्धेत दिसला. नागपूरच्या पोट्ट्यांसाठी ही शेवटची गोष्ट खरी मोठी, कारण अमरावती म्हणजे बसने तीन-साडेतीन तास, आपल्याच बाजूचा माणूस, आणि त्याने तिकडे जाऊन आपली बोली सोडली नाही.

पण रॅप नागपुरात अगदीच परकं म्हणून आलं असं नाही. विदर्भात खडी गंमत नावाची लोककला आहे, शाहीर उभ्याने ढोलकीवर सवाल टाकतो आणि समोरच्या पार्टीने जागेवर जवाब द्यायचा, कलगी आणि तुरा असे दोन पक्ष. उत्तर नागपुरात, इंदोरा वगैरे भागात, भीमजयंतीच्या दिवसांत कव्वालीचे दुय्यम सामने व्हायचे, म्हणजे दोन गायक आमनेसामने आणि पब्लिक ठरवणार कोण भारी. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबत या मोठ्या पुतळ्याची मिरवणूक निघते तेव्हा अख्खा महाल-इतवारी ‘घेऊन जा गे मारबत’ ओरडतो, आणि महागाई असो की भ्रष्टाचार, ज्याचा राग आला त्याचा बडग्या, म्हणजे पुतळा करून रस्त्यावर फिरवतात. पुढे एकाने ओरडायचं, मागे सगळ्यांनी साथ द्यायची, राग तालात बसवायचा, हे इथल्या लेकराला चालता यायच्या आधीपासून ऐकू येतं. त्यामुळे कोणी म्हटलं की रॅप आपली संस्कृती नाही तर त्याला मारबतीच्या दिवशी शहीद चौकात आणून उभं करावं.

आता मुख्य गोष्ट, भाषा. पहिलं गाणं जवळपास सगळ्यांचं मुंबईच्या हिंदीत असतं. जो घरी ‘काऊन बे, जेवला का’ ऐकत मोठा झाला तो माइकसमोर गेला की ‘अपुन’ आणि ‘बंटाय’ करायला लागतो. यात त्याची चूक नाही, ज्यांना ऐकून तो शिकला ते तसंच बोलतात. पण ऐकणाऱ्याला दोन मिनिटांत कळतं की हा शब्द याच्या तोंडातला नाही. इथे बरेच जण अडकतात, काही जण सोडूनही देतात.

जे पुढे जातात ते बहुतेक एकदा तरी आपल्या बोलण्याकडे कान देऊन ऐकतात, आणि मग कळतं की नागपुरी बोली रॅपसाठी किती सोयीची आहे. साधं बघा, पुण्याकडचा म्हणेल ‘मी लिहितोय’, चार अक्षरांत संपलं. आपण म्हणतो ‘मी लिहून राहिलो’, सहा अक्षरं, आणि ती आपोआप तीन-तीन अशी तुटतात, मी-लि-हून, रा-हि-लो. ट्रॅप नावाच्या रॅपच्या प्रकारात ज्याला ट्रिपलेट फ्लो म्हणतात तो हाच, एका ठोक्यात तीन अक्षरं. लोक महिनोन्‌महिने प्रॅक्टिस करतात त्याची, आणि आपण ते चहा पिताना बोलून राहिलो. तसंच ‘बे’. स्नेअर, म्हणजे ड्रमचा कडक ठोका, चारपैकी दुसऱ्या आणि चौथ्या ठोक्याला पडतो, ओळीच्या शेवटी ‘बे’ चौथ्या ठोक्यावर टाकला की ओळ खिळा ठोकल्यासारखी बसते. आणि ‘मले’, ‘तुले’ हे हिंदीच्या ‘चले’, ‘जले’ला आरामात जुळतं, म्हणून एकाच कडव्यात मराठी-हिंदी मिसळली तरी सांधा दिसत नाही. ही मिसळण काही दाखवायला केलेली नसते, १९५६ पर्यंत नागपूर मध्य प्रांताची आणि मग मध्य प्रदेशची राजधानी होतं, इथल्या घराघरात दोन्ही भाषा तेव्हापासून आहेत.

यात एक धोका पण आहे. ‘राहिलो’ला ‘राहिलो’ जुळवत गेलं की यमक फुकटात मिळतं आणि गाणं आळशी होतं. त्यावर उपाय गझलेत आधीच आहे. सुरेश भट अमरावतीचे, आयुष्याचा मोठा काळ नागपुरात गेला, रेशीमबागेतलं सभागृह त्यांच्याच नावाचं, आणि ते नव्या लिहिणाऱ्यांना गझलेचे नियम समजावून सांगायचे. गझलेत शेवटी तोच तो शब्द येतो तो रदीफ, पण खरं यमक त्याच्या आधीच्या शब्दात, तो काफिया. तर ‘राहिलो’ला रदीफ समजायचं आणि मेहनत त्याच्या आधी करायची, ‘पाहून राहिलो, साहून राहिलो, वाहून राहिलो’. ज्या पोट्ट्याला हे एकदा समजलं त्याचं लिखाण महिन्याभरात बदललेलं मी बघितलं आहे.

तो पोट्टा आमच्या मागच्या गल्लीतला, बारावी झालेला, सकाळी भावासोबत दुकानात बसतो. त्याचा स्टुडिओ म्हणजे लोखंडी आलमारीचं उघडं दार, त्यावर आजीच्या दोन गोधड्या, मधल्या खिळ्याला लटकवलेला माइक, आणि तोंडाची फुंकर माइकवर आदळू नये म्हणून लावतात त्या पॉप फिल्टरच्या जागी भरतकामाच्या रिंगीत ताणलेला आईचा जुना मोजा. गोधडी आवाज शोषून घेते, खोली घुमत नाही, हे त्याला कोणी शिकवलं नव्हतं. सगळ्यात मोठा त्रास कूलरचा. मे महिन्यात पारा ४५ च्या वर, आणि कूलर चालू असला की त्याची घरघर प्रत्येक टेकमध्ये येते, म्हणून टेकपुरता कूलर बंद करायचा, घामाने निथळत १६ बार (एक बार म्हणजे चार ठोके) म्हणायचे, परत चालू करायचा. ९० बीपीएमला, म्हणजे मिनिटाला ९० ठोक्यांच्या वेगाला, १६ बार म्हणजे जेमतेम ४३ सेकंद, पण एका चुकीला पूर्ण परत. एका रात्री मी मोजले, बावीस वेळा कूलर बंद-चालू झाला, आणि शेवटी त्याची आई उठून स्वतः बटणाजवळ बसली, त्याने हात वर केला की बंद, खाली केला की चालू.

पैशाचं गणित सुरुवातीला जवळपास नसतंच. यूट्यूबवर जाहिरातीचे पैसे सुरू व्हायला १,००० सबस्क्रायबर आणि बारा महिन्यांत ४,००० तास बघितलं जाणं (किंवा ९० दिवसांत शॉर्ट्सवर एक कोटी व्ह्यू) लागतं, तीन मिनिटांच्या गाण्यांवर ४,००० तास म्हणजे फार लांबचा रस्ता. त्यात फुकट म्हणून उचललेलं बीट बऱ्याचदा फक्त बिगर-कमाईच्या वापराला फुकट असतं, कमाई चालू केली की बीटवाल्याचा हक्काचा दावा, म्हणजे क्लेम येतो, म्हणून निदान एक साधी लीज, म्हणजे बीट वापरायची परवानगी, विकत घ्यावी आणि तिचा कागद जपून ठेवावा. बाकी कॉलेजचे फेस्ट, भीमजयंतीचं, गणपतीचं स्टेज, आणि फुटाळा तलावावर चार मित्र जमले तर सायफर, कोणी तोंडाने बीटबॉक्स करतो आणि बाकीचे आळीपाळीने म्हणतात. इथे मिळतो तो कान, पैसे नाही.

विषयांच्या बाबतीत सुरुवातीची गाणी सारखीच, मी भारी, तू हलका, गाड्या, दुश्मन. गाडी स्वतःची नसते आणि दुश्मनही तसा कोणी नसतो. वळण येतं ते कोणी घरातली एक खरी गोष्ट लिहितो तेव्हा. मागच्या गल्लीतल्या त्या पोट्ट्याने आधीची तीन गाणी चॅनेलवरून काढली नाहीत, राहू दे म्हणाला, कोणाला बघायचं तर बघू दे मी कुठून आलो. चौथं गाणं त्याने आईवर लिहिलं, त्यात कूलरचं बटण आहे. मिक्स झाल्यावर त्याने ते हेडफोनवर ऐकवलं नाही, तर्री पोह्याच्या ठेल्यावर मोबाईलच्या साध्या स्पीकरवर लावलं, कारण तिथे बेस ऐकूच येत नाही, फक्त शब्द येतात. ठेलेवाल्या काकांनी झारा थांबवून विचारलं, ‘कोन म्हनून राहिला बे हे?’